हॅरी बर्न आणि टेनेसीचं १९२०चं मतदान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅरी बर्न कोण होते?

हॅरी थॉमस बर्न (१२ नोव्हेंबर १८९५ – १९ फेब्रुवारी १९७७) हे अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या प्रतिनिधीगृहाचे सदस्य होते. मॅकमिन काउंटीने १९१८ साली त्यांना रिपब्लिकन पक्षाच्या तिकिटावर निवडून दिलं. अमेरिकी राज्यघटनेच्या १९व्या दुरुस्तीला, म्हणजे लिंगावरून मताधिकार नाकारता येणार नाही या तरतुदीला, टेनेसीची मान्यता मिळाली ती १८ ऑगस्ट १९२० रोजी. त्या दिवशी पारडं फिरवणाऱ्या मतांपैकी सगळ्यांत जास्त चर्चा झाली ती बर्न यांच्या मताची. तेव्हा ते २४ वर्षांचे आणि सभागृहातले सर्वांत तरुण सदस्य होते. पुढे वकील, बँकेचे अध्यक्ष, राज्याचे सिनेटर आणि राज्यघटना दुरुस्त करणाऱ्या चार परिषदांचे प्रतिनिधी म्हणून त्यांनी १९७१पर्यंत सार्वजनिक काम केलं. लोकांना त्यांचा फक्त एकच दिवस माहीत असतो, म्हणून हा मोठा पट इथे सुरुवातीलाच मांडला आहे.

त्यांचं बालपण कुठे गेलं?

पूर्व टेनेसीतल्या नायोटा या छोट्या गावात. त्यांच्या जन्माच्या वेळी हे गाव माउस क्रीक नावाने ओळखलं जाई. नॉक्सव्हिल आणि चॅटनूगा यांना जोडणारा लोहमार्ग गावातून जातो. वडील जेम्स बर्न तिथले स्टेशनमास्तर होते, ते १९१६ साली वारले. आई फेब एन्समिंगर बर्न शिकलेल्या होत्या, त्यांनी शाळेत शिकवलं होतं आणि त्या घरची शेती सांभाळत. चार भावंडांत हॅरी थोरले. १९११ साली नायोटातून शालेय शिक्षण पुरं करून ते सदर्न रेल्वेत नोकरीला लागले.

हा भाग रिपब्लिकन का, असा प्रश्न पुष्कळांना पडतो, कारण तेव्हाचा दक्षिण म्हणजे डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला. पूर्व टेनेसीच्या डोंगराळ पट्ट्यात मोठे मळे आणि गुलामांचे मालक कमी होते. यादवी युद्धात या भागाचा मोठा हिस्सा संघराज्याच्या बाजूने उभा राहिला आणि तेव्हापासून लिंकनच्या पक्षाशी बांधला गेला. त्यामुळे राज्याची राजधानी नॅशव्हिल इथल्या सभागृहात पूर्वेकडचे रिपब्लिकन सदस्य कायम अल्पमतात असत, पण त्यांचा गट घट्ट होता.

त्या काळी राज्याचा आमदार असणं म्हणजे नेमकं काय होतं?

आज वाटतं तसं ते पूर्ण वेळेचं काम नव्हतं. टेनेसीच्या १८७०च्या घटनेनुसार सदस्याला दिवसाला ४ डॉलर मिळत. नियमित अधिवेशनात जास्तीत जास्त ७५ दिवसांचे आणि विशेष अधिवेशनात २० दिवसांचे. प्रवासखर्च दर २५ मैलांना ४ डॉलर. म्हणजे १९२०च्या उन्हाळ्यात नॅशव्हिलला बोलावलेल्या सदस्याच्या हाती भत्त्यापोटी फार तर ८० डॉलर पडणार होते. बाकी वर्षभर लोक आपापली शेती, वकिली, दुकान किंवा बर्न यांच्यासारखी रेल्वेची नोकरी करत.

प्रतिनिधीगृहात ९९ जागा, सिनेटमध्ये ३३. प्रतिनिधीगृहासाठी किमान वय २१, सिनेटसाठी ३०. मुदत २ वर्षांची, त्यामुळे ऑगस्ट १९२०मध्ये मत देणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे नोव्हेंबरची निवडणूक होती. पुढचं सगळं समजून घेताना हे सतत ध्यानात ठेवावं लागतं. गणसंख्या, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, दोनतृतीयांश, म्हणजे प्रतिनिधीगृहात ६६. हा आकडाही पुढे लागणार आहे.

देशाचा प्रश्न टेनेसीवर येऊन का अडला?

घटनादुरुस्ती आधी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतांनी मंजूर व्हावी लागते आणि मग तीनचतुर्थांश राज्यांनी तिला मान्यता द्यावी लागते. काँग्रेसमधलं काम ४ जून १९१९ला पुरं झालं. तेव्हा राज्यं ४८, म्हणून गरज ३६ राज्यांची. मार्च १९२०मध्ये वॉशिंग्टन राज्याने होकार दिला आणि ३५ झाली. त्यानंतर गाडं थांबलं. जूनच्या सुरुवातीला डेलावेअरने नकार दिला. कनेक्टिकट आणि व्हरमाँटचे गव्हर्नर अधिवेशनच बोलवायला तयार नव्हते. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांनी आधीच पाठ फिरवली होती. नोव्हेंबरच्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ३६वं राज्य मिळवायचं तर खरी आशा उरली होती ती टेनेसीची.

राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी गव्हर्नर अल्बर्ट रॉबर्ट्स यांना तार करून अधिवेशन बोलावण्याचा आग्रह धरला. रॉबर्ट्स डेमोक्रॅट होते आणि ५ ऑगस्टला त्यांच्या पक्षाची उमेदवारीची निवडणूक होती. ती पार पडेपर्यंत ते थांबले आणि ९ ऑगस्टला विशेष अधिवेशन भरवलं. १३ तारखेला सिनेटने २५ विरुद्ध ४ मतांनी ठराव मंजूर केला. खरी झुंज प्रतिनिधीगृहात होणार हे त्या दिवशी स्पष्ट झालं.

टेनेसीच्या स्वतःच्या घटनेत या मतदानाला आडकाठी होती, हे खरं का?

खरं आहे, आणि बर्न यांचं वागणं कळायला हा मुद्दा मतदानाच्या सकाळी त्यांना मिळालेल्या आईच्या पत्राइतकाच (त्याबद्दल पुढे) महत्त्वाचा आहे. राज्यघटनेच्या दुसऱ्या प्रकरणाचं ३२वं कलम सांगत होतं की संघराज्याच्या घटनादुरुस्तीवर त्याच विधिमंडळाने निर्णय घ्यावा, जे ती दुरुस्ती राज्यांकडे आल्यानंतर निवडून आलं असेल. दुरुस्ती राज्यांकडे आली जून १९१९मध्ये. बर्न आणि त्यांचे सहकारी निवडून आले होते नोव्हेंबर १९१८मध्ये. कलम शब्दशः घेतलं तर त्यांना हातच लावता येत नव्हता.

वाट मोकळी झाली ती ओहायोतल्या खटल्यामुळे. ‘हॉक विरुद्ध स्मिथ’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १ जून १९२० रोजी निकाल दिला की दुरुस्तीला मान्यता देण्याचा विधिमंडळाचा अधिकार संघराज्याच्या घटनेतून येतो आणि राज्य त्याला आपली वेगळी अट जोडू शकत नाही. ओहायोत अट सार्वमताची होती आणि टेनेसीत मधल्या निवडणुकीची, पण कायदेपंडितांच्या मते तर्क दोन्हीकडे सारखाच लागू होत होता. तरी सदस्यांनी राज्यघटनेचीही शपथ घेतली होती. ‘शपथ मोडू नका’ हा विरोधकांचा सर्वांत धारदार मुद्दा होता आणि काठावरच्या सदस्यांना तो खरोखर टोचत होता. ते सगळे कोणाच्या तरी खिशात होते असं मानणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे.

१८ ऑगस्टला सभागृहात क्रमाने काय घडलं?

इथे घाई करू नये. बहुतेक ठिकाणी हा प्रसंग दोन वाक्यांत उरकला जातो आणि नेमकी गंमत त्यातच हरवते.

त्या दिवशी ९९पैकी ९६ सदस्य हजर होते. सभागृहापुढे प्रश्न होता सिनेटच्या ठरावाशी सहमत व्हायचं की नाही हा. सभापती सेथ वॉकर आधी दुरुस्तीच्या बाजूचे मानले जात, पण अधिवेशन सुरू होईपर्यंत ते विरोधकांचे म्होरके झाले होते. चर्चा चालू असताना ते आसनावरून खाली उतरले आणि ठराव बाजूला ठेवावा अशी सूचना त्यांनी मांडली. अशी सूचना मंजूर झाली की विषय तिथेच संपतो, मूळ प्रश्नावर कोणालाही उघडपणे हो किंवा नाही म्हणावं लागत नाही. निवडणूक तोंडावर असताना हा सर्वांत सुरक्षित मार्ग होता.

नावं पुकारून मतदान झालं. बर्न यांनी ठराव बाजूला ठेवण्याच्या बाजूने मत दिलं. बँक्स टर्नर या डेमोक्रॅट सदस्याला विरोधक आपला समजत होते, त्यांनी मात्र बाजूला ठेवायला नकार दिला. निकाल ४८–४८. वॉकर यांनी पुन्हा मतदान घ्यायला लावलं, पुन्हा ४८–४८. समसमान मतं पडली की सूचना पडते, म्हणून ठराव जिवंत राहिला.

वॉकर घाबरले नाहीत, आणि का घाबरले नाहीत हे समजून घेण्यासारखं आहे. समसमान मतांचा नियम आता उलट बाजूने कामाला येणार होता. मूळ ठरावावरही ४८–४८ झालं असतं तर ठरावही तसाच पडला असता. त्यांच्या हिशेबात काहीही बदलण्याची गरज नव्हती. म्हणून त्यांनी थेट मूळ प्रश्न मतदानाला टाकला.

आडनावांच्या वर्णक्रमामुळे बर्न यांचं नाव सुरुवातीलाच आलं. त्यांनी होकार दिला, आणि तोही इतक्या पटकन की काही क्षण दोन्ही बाजूंना कळलंच नाही. टर्नर यांनी नाव पुकारल्यावर आधी मत दिलं नाही, यादी संपताना त्यांनी होकार नोंदवला. बेरीज झाली ४९ विरुद्ध ४७.

त्यानंतर वॉकर यांनी स्वतःचं मत बदलून होकारात घातलं. फेरविचाराची सूचना जिंकलेल्या बाजूने मत देणाऱ्यालाच मांडता येते, म्हणून. पण त्यामुळे अधिकृत आकडा ५०–४६ झाला आणि एकूण ९९ सदस्यांच्या निम्म्याहून अधिक मतं ठरावाच्या पदरात पडली. हजर सदस्यांचं बहुमत पुरेसं आहे का, हा वाद उकरून काढायची एक वाट त्यांनी स्वतःच्याच हाताने बुजवली.

म्हणजे बर्न यांनी मत फिरवलं की नाही?

ठराव बाजूला ठेवणं आणि ठराव फेटाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बर्न यांनी दुरुस्तीविरुद्ध एकदाही मत नोंदवलेलं नाही. त्यांनी दोनदा ‘आत्ता नको’ म्हटलं आणि प्रश्न समोर आल्यावर ‘हो’ म्हटलं. त्यांनी स्वतः मात्र दुसऱ्या दिवशीच्या निवेदनात ‘मी मत बदललं’ असेच शब्द वापरले आहेत, त्यामुळे तसं लिहिणाऱ्याला चूक म्हणता येणार नाही. आमच्या मते हा तरुण माणूस मनाने आधीच मताधिकाराकडे झुकलेला होता, आपल्या काउंटीतला विरोध त्याला माहीत होता, आणि पळवाट होती तोवर त्याने ती वापरली. वाट बंद झाल्यावर तो मागे हटला नाही. यात त्याचं मोठेपण कमी होत नाही.

आईच्या पत्रात नेमकं काय होतं?

पत्र सात पानांचं आहे आणि त्यातला बराचसा मजकूर घरचा, गावातल्या बातम्यांचा आहे. मताधिकाराच्या ओळी मध्येमध्ये येतात. फेबबाई मुलाला लिहितात की उत्साहाने मताधिकारासाठी मत दे, लोकांना संशयात ठेवू नकोस. एका भाषणाचा त्या उल्लेख करतात, ते त्यांना फार कडवट वाटलं. हे भाषण सिनेटर हर्शेल कँडलर यांचं. कँडलर हे बर्न यांच्याच भागातले वजनदार नेते आणि दुरुस्तीचे कट्टर विरोधक होते. तू कुठे उभा आहेस हे मी वर्तमानपत्रांत शोधते आहे पण काही दिसलं नाही, असंही त्या लिहितात. शेवटाकडे शहाण्या मुलासारखं वाग आणि कॅटबाईंना मदत कर, अशी सूचना आहे आणि सोबत एक शाब्दिक विनोद. कॅटबाई म्हणजे राष्ट्रीय मताधिकार संघटनेच्या अध्यक्ष कॅरी चॅपमन कॅट. त्या हर्मिटेज हॉटेलात मुक्काम ठोकून मोहीम चालवत होत्या.

पत्र बर्न यांच्या हाती मतदानाच्या सकाळी पडलं आणि मतदानाच्या वेळी ते कोटाच्या खिशात होतं. अनेक ठिकाणी या पत्राचा एक सुटसुटीत, चार ओळींचा पाठ छापलेला दिसतो. तो वर्तमानपत्रांतून फिरत आलेला संक्षेप आहे. मूळ पत्र जास्त विस्कळीत आहे आणि म्हणूनच जास्त जिवंत आहे. ज्या बाईला मतदानाचा हक्क नव्हता ती सिनेटमधल्या भाषणांवर नजर ठेवून होती, हे त्या घरगुती बातम्यांमधून आपसूक दिसतं.

फेबबाईंची भूमिका अनुभवातून आलेली होती. त्यांच्या शेतावर काम करणाऱ्या निरक्षर पुरुषांना मत होतं आणि शेत चालवणाऱ्या, नियमित वाचन करणाऱ्या बाईला नव्हतं. ही तफावत त्या बोलून दाखवत.

आईवर पत्र नाकारण्यासाठी दबाव आला होता का?

हो. मतदानानंतर लुइझियानाच्या माजी गव्हर्नरांच्या पत्नी अ‍ॅन प्लेझंट या नायोटात जाऊन फेबबाईंना भेटल्या. पत्र खोटं आहे असं त्यांच्याकडून वदवून घेण्याचा त्यांचा प्रयत्न होता. फेबबाईंनी नॅशव्हिलला तार करून कळवलं की पत्र माझंच आहे, मी मताधिकाराच्या ठामपणे पाठीशी आहे, मुलानेही शेवटपर्यंत टिकून राहावं. आलेली बाई घरात येऊन अपमानास्पद बोलली आणि तिला बाहेर काढताना कष्ट पडले, हेही त्यांनी तारेत घातलं.

बर्न यांच्या कोटावर लाल गुलाब का होता?

त्या उन्हाळ्यात नॅशव्हिलमध्ये पिवळा गुलाब म्हणजे मताधिकाराचा पाठीराखा आणि लाल गुलाब म्हणजे विरोधक, अशी खूण रूढ झाली होती. दोन्ही बाजूंच्या स्त्रिया सदस्यांना गुलाब लावत. विरोधकांचं नेतृत्वही जोसेफिन पिअर्सन या टेनेसीच्या बाईंकडे होतं. गॅलरीतून गुलाब मोजून मतांचा अंदाज बांधला जाई आणि बर्न यांच्या लाल गुलाबामुळे तो अंदाज चुकला. हर्मिटेज हॉटेलात आठव्या मजल्यावरच्या एका खोलीत दारूबंदीचा कायदा असतानाही विरोधकांच्या बाजूने सदस्यांना व्हिस्की पाजली जात होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सभागृहात काय सांगितलं?

१९ ऑगस्टला त्यांनी आपलं निवेदन सभागृहाच्या कामकाजाच्या नोंदीत घालायला लावलं. मतासाठी लाच घेतल्याच्या आपल्याविरुद्धच्या आरोपांत तसूभरही सत्य नाही असं म्हणून त्यांनी पाच कारणं दिली. पहिलं, संपूर्ण मताधिकार हा हक्क आहे असं मी मानतो. दुसरं, मान्यता देण्याचा आपल्याला नैतिक आणि कायदेशीर अधिकार होता, म्हणजे वर सांगितलेल्या ३२व्या कलमाच्या आक्षेपाला दिलेलं उत्तर. तिसरं, आईचा सल्ला पाळणं मुलासाठी नेहमीच सर्वांत सुरक्षित असतं आणि माझ्या आईची तशी इच्छा होती. चौथं, १ कोटी ७० लाख स्त्रियांना राजकीय गुलामीतून सोडवण्याची संधी माणसाला क्वचित मिळते, ती मला मिळाली. पाचवं, हे काम पूर्व टेनेसीच्या डोंगरातल्या एका रिपब्लिकनाने केलं, असं आपल्या पक्षाला म्हणता यावं.

पाचव्या कारणात त्यांनी आपल्या डोंगराळ भागाचं वर्णन जगातला सर्वांत शुद्ध अँग्लो-सॅक्सन प्रदेश असं केलं आहे. उद्धृत करताना हा भाग बहुतेक जण गाळतात. तो गाळू नये. मताधिकाराच्या बाजूची माणसंही वंशश्रेष्ठत्वाच्या त्याच हवेत श्वास घेत होती आणि या विजयाचं फळ कोणाला मिळालं, कोणाला नाही, हे समजायला ते वाक्य उपयोगी पडतं. क्रमाकडेही लक्ष द्यावं. आई तिसऱ्या स्थानावर आहे, हक्क आणि कायदा त्याच्या आधी.

मतदानानंतर चिडलेल्या विरोधकांना चुकवायला ते खिडकीतून निसटून माळ्यावर लपले होते का?

गोष्ट फार लोकप्रिय आहे. तथ्य म्हणून तिचा वापर करू नये असं आम्ही सुचवू.

१८ तारखेनंतर प्रश्न मिटला का?

नाही, आठवडाभर तारांबळ चालली. फेरविचाराची सूचना मांडण्याचा अधिकार दोन दिवस फक्त वॉकर यांच्याकडे होता. त्या मुदतीत एखादं मत फोडता येईल असा त्यांचा होरा होता, पण कोणी फुटलं नाही. मुदत संपल्यावर सूचना दुसऱ्या बाजूला मांडता येणार होती. म्हणून तीसहून अधिक विरोधी सदस्य रातोरात रेल्वेने राज्याची हद्द ओलांडून अलाबामातल्या डिकेटरला गेले. हेतू हा की हजेरी ६६च्या खाली जावी आणि कामच होऊ नये. २१ ऑगस्टला उरलेल्या सदस्यांनी फेरविचाराचा विषय निकालात काढला.

मान्यतेचं प्रमाणपत्र पाठवू नये म्हणून न्यायालयातून आलेला मनाईहुकूम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने उठवला. २४ तारखेला रॉबर्ट्स यांनी प्रमाणपत्रावर सही करून ते टपालाने वॉशिंग्टनला पाठवलं. २६ ऑगस्टच्या पहाटे ते पोहोचलं आणि परराष्ट्रमंत्री बेनब्रिज कोल्बी यांनी सकाळी स्वतःच्या घरी दुरुस्ती अमलात आल्याच्या घोषणेवर सही केली. समारंभ नाही, छायाचित्रकार नाहीत, चळवळीतली एकही स्त्री तिथे नाही.

३१ ऑगस्टला परतलेल्या विरोधकांसह टेनेसीच्या प्रतिनिधीगृहाने ४७–२४ असा नकार नोंदवला, पण तोवर उशीर झाला होता. सप्टेंबरमध्ये कनेक्टिकटनेही मान्यता दिली, त्यामुळे टेनेसीचं मत वजा केलं तरी ३६ची संख्या भरत होती. २७ फेब्रुवारी १९२२ला ‘लेसर विरुद्ध गार्नेट’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की राज्याने अधिकृतपणे कळवलेली मान्यता न्यायालयालाही बंधनकारक आहे. वाद कायमचा संपला.

सगळं श्रेय बर्न यांनाच द्यायचं का?

नाही. ४९–४७च्या निकालात एकही मत इकडचं तिकडे गेलं असतं तरी ठराव पडला असता, म्हणजे होकार देणारा प्रत्येक जण तितकाच निर्णायक. बँक्स टर्नर यांनी दोन वेळा टोलवाटोलवी थांबवली नसती तर बर्न यांच्यावर मत द्यायची वेळच आली नसती. टर्नर यांची आठवण फार कमी ठेवली जाते, ही आम्हाला मोठी उणीव वाटते. मेंफिसचे जो हॅनोव्हर, पोलंडमधून आलेल्या ज्यू कुटुंबातले, त्यांनी धमक्या सोसून प्रतिनिधीगृहात पाठीराख्यांची मोट बांधून ठेवली. मताधिकार चळवळीतल्या स्यू शेल्टन व्हाइट आणि अ‍ॅनिटा पॉलिट्झर यांनी सदस्यांची मनं वळवण्याचं, त्यांच्या मतांच्या नोंदी ठेवण्याचं आणि कोण डळमळतोय हे हेरण्याचं काम केलं. शिवाय हा विजय ज्या पायावर उभा होता ते काम स्त्री-हक्कांसाठी भरलेल्या १८४८च्या सेनेका फॉल्स परिषदेपासून ७२ वर्षं चाललं होतं.

या दुरुस्तीने सगळ्या अमेरिकी स्त्रियांना मत मिळालं का?

कायद्याच्या कागदावर लिंगाची अट गेली. प्रत्यक्षात दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांपुढे मतदान-कर, साक्षरता-चाचण्या आणि धमक्या हे अडथळे तसेच उभे राहिले. १९६५च्या मताधिकार कायद्यापर्यंत लाखोंना मतपेटीपर्यंत जाता आलं नाही. अनेक मूळनिवासी स्त्रियांना तेव्हा नागरिकत्वही नव्हतं. टेनेसीत चित्र थोडं वेगळं होतं. १९१९मध्ये राज्याने स्त्रियांना नगरपालिका आणि अध्यक्षीय निवडणुकीपुरतं मत दिलं होतं. नॅशव्हिलमधल्या कृष्णवर्णीय नेत्या फ्रँकी पिअर्स यांनी मे १९२०मध्ये, पुढे जिथे हे मतदान झालं त्याच विधानभवनात भाषण करून आपल्या स्त्रियांसाठी शिक्षण आणि सोयींची मागणी मांडली होती. बर्न यांच्या मताची गोष्ट सांगताना हे सोडलं तर ती अर्धीच राहते.

नोव्हेंबरमध्ये मतदारांनी त्यांना शिक्षा केली का?

त्यांच्याविरुद्ध जोरदार प्रचार झाला, तरी मॅकमिन काउंटीने त्यांना पुन्हा निवडून दिलं. गव्हर्नर रॉबर्ट्स मात्र हरले. त्यांच्या जागी रिपब्लिकन आल्फ्रेड टेलर आले आणि अध्यक्षीय निवडणुकीत टेनेसीने रिपब्लिकन उमेदवार वॉरन हार्डिंग यांना कौल दिला. रॉबर्ट्स यांच्या पराभवाचं खापर एकट्या मताधिकारावर फोडणं बरोबर नाही, कारण त्या वर्षी वारं देशभर रिपब्लिकनांच्या बाजूने होतं.

त्यानंतर त्यांनी काय केलं?

दुसरी मुदत संपल्यावर १९२३ साली त्यांना वकिलीची सनद मिळाली आणि त्यांनी रॉकवुड आणि स्वीटवॉटर इथे काम केलं. १९३०मध्ये गव्हर्नरपदाची रिपब्लिकन उमेदवारी मिळवण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. १९४८ ते १९५२ ते राज्याच्या सिनेटमध्ये होते आणि १९५१ साली रॉकवुडच्या फर्स्ट नॅशनल बँकेचे अध्यक्ष झाले. पुढे राज्याच्या नियोजन आयोगावरही होते. फेबबाई १९४५ साली वारल्या, मुलाची ही दुसरी खेळी त्यांनी पाहिली नाही.

अभ्यासकाने थांबावं ते १९५३पाशी. टेनेसीची घटना १८७०पासून एकदाही दुरुस्त झालेली नव्हती. १९५३च्या घटना परिषदेत बर्न रोन काउंटीचे प्रतिनिधी होते. त्या परिषदेने सुचवलेल्या आणि मतदारांनी मान्य केलेल्या बदलांमुळे मतदान-कर गेला, गव्हर्नरांची मुदत २ वर्षांवरून ४ वर्षं झाली आणि पुढच्या दुरुस्त्यांची वाट सोपी झाली. १९५९, १९६५ आणि १९७१च्या परिषदांतही ते होते. १९६५ची परिषद प्रामुख्याने विधिमंडळाच्या मतदारसंघांच्या फेररचनेची होती, १९७१ची मालमत्ताकरासाठी मालमत्तेच्या वर्गीकरणाची. ज्या जुन्या घटनेच्या एका कलमाने १९२०मध्ये त्यांना पेचात टाकलं होतं, तिच्याच दुरुस्तीवर त्यांनी उत्तरायुष्यात इतकी वर्षं घालवली.

आज त्यांच्या खुणा कुठे आहेत?

नॉक्सव्हिलच्या मध्यवस्तीत २०१८पासून हॅरी आणि फेब बर्न यांचं जोडशिल्प आहे, शिल्पकार अ‍ॅलन लक्वायर. आईसह उभारलेलं हे स्मारक आम्हाला एकट्या पुतळ्यापेक्षा अधिक न्याय्य वाटतं. जवळच मार्केट स्क्वेअरमध्ये लक्वायर यांचंच टेनेसीच्या तीन मताधिकार नेत्यांचं शिल्प आहे: एलिझाबेथ मेरिवेदर, लिझी क्रोझियर फ्रेंच आणि अ‍ॅन डॅलस डडली. फेबबाईंचं मूळ पत्र आणि बर्न यांचे कागद नॉक्स काउंटी सार्वजनिक ग्रंथालयाच्या मॅकक्लंग संग्रहात आहेत. हॅरी बर्न यांचं दफन नायोटात झालं.